पवित्र मार्जाराची सनद

एखादे स्थळ, एखादी वस्तू किंवा एखादा जीव पवित्र आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते पावित्र्य त्याच्या ठायी मुळातच वसत असते, की सरकारातून वतनाची सनद मिळावी त्याप्रमाणे कोणीतरी ते त्याच्या नावे लिहून दिलेले असते, हा प्रश्न धर्मचिंतनाइतकाच जुना आहे. आणि तो आपल्याच श्रद्धास्थानांविषयी विचारला की विचारणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो व ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. गंगेचे पाणी, तुळशीची मंजिरी, पंढरीची वीट यांच्याविषयी तटस्थपणे बोलणे आपल्याला साधत नाही, आणि ते फारसे साधू नये असेही मला वाटते. म्हणून या प्रश्नाची शहानिशा करावयाची, तर ज्याच्याशी आपल्या कुळाचाराचा काडीइतकाही संबंध नाही, असे उदाहरण घेणे बरे. माझ्यापुढे जे उदाहरण आहे ते एका मांजराचे आहे.

युरोपातील मार्जारप्रेमी मंडळी ज्याला ‘ब्रह्मदेशाचे पवित्र मांजर’ असे भारदस्त नाव देतात आणि व्यवहारात नुसते ‘बर्मन’ म्हणतात, ते हे मांजर. फ्रान्समध्ये 1925 साली त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. इंग्लंडने ती 1966 साली दिली आणि अमेरिकेतील मोठ्या नोंदणीसंस्थेने 1967 साली. बांधा मध्यम, काहीसा लांबट पण भरीव. नाक किंचित बाकदार. केस लांब आणि रेशमी, परंतु त्यांच्याखाली लोकरीसारखा अस्तराचा थर फार नसल्यामुळे इराणी मांजराच्या केसांचा होतो तसा त्यांचा गुंता होत नाही. अंगावर फिकट, अंड्याच्या कवचासारखा रंग, पाठीवर त्याला सोनेरी झाक. तोंड, कान, पाय आणि शेपूट मात्र गडद. डोळे गर्द निळे. इतके वर्णन सयामी मांजरालाही थोड्याफार फरकाने लागू पडेल. परंतु बर्मनचे चारही पंजे पांढरेशुभ्र असतात, आणि मागील पायांवर हा पांढरा रंग तळव्याच्या मागून वर चढत जाऊन टाचेशी निमुळता होतो. पुढच्या पायांत हातमोजे आणि मागच्या पायांत बंदाचे बूट घातल्यासारखा हा थाट प्रदर्शनातले परीक्षक अगदी बारकाईने तपासतात. मोज्याची कड एका पायावर जरा वर सरकलेली असली तरी गुण कापले जातात.

येथे एक घोटाळा आधीच दूर केला पाहिजे. ‘बर्मीज’ नावाचे आखूड केसांचे, तपकिरी मांजर निराळे. त्या जातीची आदिमाता वाँग माउ ही 1930 साली डॉक्टर जोसेफ थॉम्पसन यांच्याबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली, ती खरोखरच ब्रह्मदेशातून आली होती, आणि तिच्या मागे देऊळ, देवी किंवा पुजारी यांपैकी काहीही नव्हते. ज्या मांजराची ब्रह्मदेशाशी असलेली सोयरीक सिद्ध आहे त्याला आख्यायिका नाही, आणि ज्याला आख्यायिका आहे त्याची सोयरीक सिद्ध होत नाही, हा दैवाचा विनोद पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावा.

आख्यायिका अशी. उत्तर ब्रह्मदेशातील डोंगरात लाओ-त्सुन नावाचे एक देवालय होते. तेथे त्सुन-क्यान-क्से या देवीची सुवर्णमूर्ती होती व तिचे डोळे नीलमण्यांचे होते. मृतात्म्यांना एका देहातून दुसऱ्या देहात नेण्याचे काम या देवीकडे होते. मुन-हा हा तेथील वृद्ध मुख्य पुजारी, आणि सिंह हे त्याचे पांढरे मांजर, जे त्याच्या शेजारी बसून देवीकडे टक लावून पाहत असे. एका रात्री शत्रूची टोळी देवळावर चालून आली असता मुन-हा देवीसमोर बसल्या जागीच गतप्राण झाला. त्याच क्षणी सिंहाने झेप घेऊन धन्याच्या देहावर पाय रोवले आणि देवीकडे तोंड केले. पाहता पाहता त्याच्या शुभ्र केसांवर सोन्याची झळाळी आली, पिवळे डोळे देवीच्या डोळ्यांसारखे निळे झाले, तोंड, कान, शेपूट आणि पाय यांना मातीचा रंग चढला. केवळ जे पंजे त्या साधुपुरुषाच्या देहाला टेकलेले होते तेवढे पांढरे राहिले. मांजराने दक्षिणेच्या दरवाजाकडे नजर वळवली, त्याचा आशय ओळखून पुजाऱ्यांनी दरवाजे बंद केले, आणि देऊळ वाचले. सिंहाने अन्न वर्ज्य केले, सातव्या दिवशी तोही मेला आणि आपल्या धन्याचा आत्मा देवीच्या चरणी घेऊन गेला. पुढे उत्तराधिकारी निवडण्यासाठी पुजारी जमले, तेव्हा देवळातली शंभर मांजरे तशाच बदललेल्या रूपात आली आणि त्यांनी सर्वांत तरुण पुजाऱ्याभोवती कडे केले. तेव्हापासून त्या देवळातील पुजारी मरण पावला की त्याचा आत्मा एका मांजराच्या देहात उतरतो, व ते मांजर मेल्यावरच परलोकी जातो.

गोष्ट सुरेख आहे यात शंका नाही. तिच्यात मांजराच्या अंगावरील एकेका रंगाचा हिशेब चोख लावलेला आहे, आणि माझ्या मनात प्रथम संशय उत्पन्न झाला तो या चोखपणामुळेच. लोकांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या कथा इतक्या नीटनेटक्या नसतात. त्यांत कुठेतरी अर्थ न लागणारा एखादा खडा राहिलेलाच असतो. ही कथा मात्र एखाद्या प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेवरून उलट दिशेने रचल्यासारखी वाटते.

दप्तर तपासू लागले की संशय बळावतो. ही कथा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फ्रान्समध्ये छापून आली. त्यापूर्वी ब्रह्मी भाषेत, शिलालेखांत किंवा मठांच्या नोंदींत तिचा मागमूस अभ्यासकांना लागलेला नाही. देवीचे, देवळाचे, पुजाऱ्याचे नाव ब्रह्मी वळणाचे नाही. देऊळ ख्मेर लोकांनी बांधले असे सांगतात, आणि ख्मेरांचा मुलूख तर कंबोडियाकडे, शेकडो कोस आग्नेयेला. ही मांजरे फ्रान्सला कशी आली याचीही हकीकत एक नाही. एका हकिकतीप्रमाणे एका धनाढ्य अमेरिकन प्रवाशाने देवळातील एका फितूर नोकराकडून जोडी विकत घेतली. नर वाटेत समुद्रावरच मेला, आणि सीता नावाची गाभण मादी तेवढी नीस शहरी पोहोचली. मांजरीचे नाव सीता असावे आणि तिने समुद्र ओलांडावा, हा योग आपल्या वाचकांना गमतीचा वाटेल. कथा रचणाऱ्यांच्या मनात पूर्वेकडचे सर्व देव, सर्व देश आणि सर्व काव्ये एकाच पेटाऱ्यात भरलेली होती एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी हकीकत इंग्रज मेजर रसेल गॉर्डन आणि लाओस देशाचा सुप्रसिद्ध फ्रेंच संशोधक ऑगस्त पावी यांच्या नावावर आहे. 1885 च्या ब्रह्मी युद्धात भामोच्या बाजूला तैनात असताना या मेजरसाहेबांनी मांजरे पाळणाऱ्या पुजाऱ्यांचे रक्षण केले, आणि त्या उपकाराची फेड म्हणून पुढे त्यांना मांजरांची जोडी मिळाली असे म्हणतात. रक्षण कोणापासून केले? तर ब्राह्मणांच्या स्वारीपासून! भामोच्या जंगलात कत्तल आणि लूट करण्यासाठी शस्त्रे परजून निघालेली ही ब्राह्मणांची फौज कोणत्या गावाहून गेली होती, तिचा सेनापती कोण आणि तिच्या संध्येची सोय वाटेत कशी झाली, याचा तपशील मेजरसाहेबांच्या नावावरील कथनात नाही, ही मराठी वाचकांची मोठीच गैरसोय होय.

युद्ध मात्र खरे होते. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, राजा थिबा याला पदच्युत केले, आणि 1886 मध्ये त्याला आपल्या रत्नागिरीस आणून ठेवले. तेथे तो तीस वर्षे नजरकैदेत राहिला; 1910 मध्ये त्याच्यासाठी बांधलेला वाडा आजही खाडीकडे तोंड करून उभा आहे आणि 1916 च्या डिसेंबरात तो वारला तेव्हा त्याचे दफनही रत्नागिरीतच झाले. ब्रह्मदेशाचा धर्मरक्षक म्हणवला गेलेला शेवटचा राजा कोकणच्या पावसात विस्मृत होऊन मेला, आणि पुढल्या दहा वर्षांत त्याच्या देशाच्या नावाने एक काल्पनिक देऊळ पॅरिसच्या मार्जारप्रदर्शनात नावारूपाला आले. ज्या राज्याचे खरे देव्हारे बाटवले गेले, त्याचीच एक गुळगुळीत, निरुपद्रवी आणि विकाऊ प्रतिमा विजेत्यांच्या दिवाणखान्यात गादीवर बसवली जाते. साम्राज्यांच्या इतिहासात हा प्रकार नवा नाही, परंतु येथे तो पांढरे मोजे घालून आला आहे.

मांजराच्या रंगाचा उलगडा देवीवाचूनही होतो. त्याच्या शरीरात रंगद्रव्य बनवणारे जे विकर आहे ते उष्णतेत निकामी होते आणि थंडाव्यात काम करते. म्हणून धड फिकट राहते आणि जे अवयव तुलनेने थंड, म्हणजे कान, नाकाड, पाय, शेपूट, तेवढे गडद होतात. आईच्या उदरात सर्वत्र ऊब असते, त्यामुळे पिल्ले जन्मतात ती साफ पांढरी, आणि रंग पुढे दिवसागणिक उमटत जातो. पांढऱ्या पंज्यांचे कारण निराळे; ते एका विशिष्ट जनुकाच्या बदलात आहे, आणि हा बदल आई व बाप या दोघांकडून आला तरच मोजे दिसतात. फ्रेंच संवर्धकांनी सयामी आणि लांब केसांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या मांजरांच्या संकरातून ही जात घडवली असावी, असाच बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. पांढऱ्या मांजराचे रंग पालटून त्याचे हे रूप झाले, एवढे मात्र कथेने नकळत बरोबर सांगितले. प्रत्येक बर्मन पिल्लू सिंहाप्रमाणेच पांढरे जन्मते आणि मग पालटते. शास्त्राने अद्भुत नाहीसे होते असे ज्यांना वाटते त्यांनी ही पिल्ले एकदा पाहावीत.

परंतु कथा इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही एवढ्यावरून तिचा निकाल लावणे हे मला वकिली वाटते. रेड्याच्या मुखी वेद वदले, भिंत चालली, या गोष्टींना पैठणच्या किंवा आळंदीच्या दप्तरात पुरावा आहे काय? तरीही त्या मराठी मनाला शतकानुशतके काही देत आल्या आहेत. तेव्हा कथेत सांगितलेला धर्म तरी खरा आहे काय, हे पाहावे लागते.

गोव्यातील साखवाळ गावातून बाहेर पडून ज्या धर्मानंद कोसंबींनी सिलोनात आणि ब्रह्मदेशात भिक्षूंच्या पायांशी बसून पाली ग्रंथांचे अध्ययन केले, त्यांच्या मराठी ग्रंथांतून बुद्धाचा धर्म आपल्याला चांगला परिचित आहे. त्या धर्मात एका देहातून निघून दुसऱ्या देहात जाऊन बसणारा नित्य आत्माच मान्य नाही. मिलिंद राजाला नागसेनाने दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा की, पुनर्जन्म घेणारा तोच नसतो आणि अन्यही नसतो. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावावा तशी ती परंपरा आहे. शिवाय पशुयोनी ही त्या शास्त्राप्रमाणे दुर्गती होय. जन्मभर शील पाळणाऱ्या पुजाऱ्याला मरणोत्तर मार्जारयोनी मिळाली, तर ते थेरवादी भिक्षूच्या दृष्टीने बक्षीस नव्हे, पदच्युती आहे. विनयपिटकात अशी कथा आहे की, एका नागाने मनुष्यरूप घेऊन प्रव्रज्या घेतली, आणि झोपेत त्याचे मूळ रूप उघड झाल्यावर त्याला संघातून जावे लागले; तेव्हापासून उपसंपदा घेणाऱ्याला ‘तू मनुष्य आहेस ना?’ असे विचारले जाते, आणि आजतागायत तो प्रश्न विचारला जातो. ज्या संघाच्या दारात हा प्रश्न उभा आहे, त्याच्या गाभाऱ्यात मांजर पुजाऱ्याचा वारस ठरवते, हे जुळणे कठीण.

तथापि ग्रंथातला धर्म वेगळा आणि गावातला वेगळा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ब्रह्मदेशात बुद्धाच्या स्तूपाशेजारीच सदतीस ‘नात’ देवतांची पूजा चालते, आणि झोपलेल्या माणसाचा जीव फुलपाखराच्या रूपाने बाहेर फिरून येतो अशी समजूत तेथील खेड्यांत आहे. जेथे जीव फुलपाखरू होऊ शकतो तेथे तो मांजर का होऊ नये? म्हणून शास्त्राच्या बळावरही कथेला खोटे ठरवण्यास मी धजत नाही. माझी खरी तक्रार याहून वेगळी आहे, आणि ती मांजराच्या वतीने आहे.

या कथेत मांजराला स्वतःचे असे काय आहे? डोळे देवीचे, झळाळी मूर्तीची, पंज्यांची शुभ्रता पुजाऱ्याच्या पुण्याईची आणि आत जो राहतो तो आत्माही पुजाऱ्याचाच. मांजर म्हणजे नुसते भाड्याचे घर. त्याच्या अंगचा मार्जारपणा कथेला कोठेच नको आहे. पावित्र्य दिले, पण ते माणसाकडून उसने आणून दिले. आणि उसन्या पावित्र्यात देणाऱ्याचाच मोठेपणा असतो, हे आपल्या समाजात ज्यांनी असे उसने घेतले त्यांना विचारावे.

आपल्या परंपरेने मांजराशी जो व्यवहार केला तो याच्या अगदी उलट आहे, आणि मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. तिने मांजराला ढोंगी ठरवले. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगातीरी तप करणाऱ्या आणि भोळ्या उंदरांना एकेक करून फस्त करणाऱ्या मांजराची कथा आहे. मनूने दांभिकाला ‘बैडालव्रतिक’ म्हटले आहे. आणि महाबलीपुरमच्या त्या प्रचंड शिलाचित्रात सातव्या शतकातील पल्लव शिल्पकाराने, खऱ्या तपस्व्याच्या खाली जरा बाजूला, मागील पायांवर उभे राहून पुढचे पाय डोक्यावर उंचावलेले मांजर आणि त्याच्या पायांशी जमलेले उंदीर असे काही कोरले आहेत, की तपश्चर्येच्या त्या गंभीर पटावर आजही पाहणाऱ्याला हसू आवरत नाही. मांजराचे पोट तेथे खपाटीला गेलेले, बरगड्या दिसत असलेल्या. शिल्पकाराने मांजर नीट पाहिले होते. जपानातही बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या चित्रांतून शोक करणाऱ्या प्राण्यांमध्ये सहसा मांजराला जागा नसते. क्योतोच्या तोफुकुजी मंदिरासाठी मिंचो नावाच्या भिक्षू चित्रकाराने 1408 साली रंगवलेल्या भव्य पटात मांजर आहे, आणि ते आहे म्हणूनच तो पट त्या बाबतीत प्रसिद्ध आहे.

आणि याच परंपरेने मांजराला थेट ईश्वराच्या जागीही बसवले. रामानुजांच्या अनुयायांत ईश्वरी कृपेविषयी वाद पडला तेव्हा उत्तरेकडील शाखेने, म्हणजे वेदान्तदेशिकांच्या अनुयायांनी, माकडाच्या पिल्लाचा दृष्टान्त घेतला: पिल्लाने आईच्या पोटाला आपल्या बळाने घट्ट धरले पाहिजे, तसा जीवानेही काही प्रयत्न केला पाहिजे. दक्षिणेकडील शाखेने, म्हणजे पिळ्ळै लोकाचार्यांच्या परंपरेने, मांजरीच्या पिल्लाचा घेतला: पिल्लू काहीच करत नाही, मान सैल सोडून लोंबकळते, आणि आई त्याला ज्या दातांनी उंदीर मारते त्याच दातांनी अलगद उचलून नेते. मार्जारकिशोरन्याय या नावाने हा दृष्टान्त शास्त्रात रूढ झाला. त्याचे सामर्थ्य पाहा. येथे मांजरीच्या अंगात कोणी पुजारी शिरलेला नाही, तिचे डोळे नीलमण्यांचे नाहीत, तिला वंशावळ नाही. ती अंगणातली, माळ्यावर व्यालेली, पिल्ले सात घरे फिरवणारी साधी मनी आहे, आणि तिचे रोजचे वागणे पाहूनच कोणा आचार्याला परमेश्वराची कृपा समजावून सांगण्याची वाट सापडली. मांजराला याहून मोठा मान कोणत्याही देवळाने दिल्याचे मला माहीत नाही.

बर्मनच्या स्वभावाविषयी जे सांगितले जाते ते बहुतांशी खरे आहे, हे मी लंडनमध्ये स्थायिक झालेल्या एका परिचित कुटुंबात पाहिले. त्यांच्याकडील बोका पाच किलोच्या घरातला, पण त्याची चाल हलकी आणि आवाज इतका बारीक की तो बोलला हे त्याच्या तोंडाच्या हालचालीवरून कळावे. सयामी मांजर सतत हुज्जत घालते, कपाटांच्या माथ्यावर चढते; हा बोका जमिनीवरच रमणारा. घरात ज्या खोलीत माणसे बसतील तेथे येऊन, कोणाच्या मांडीवर न चढता, हातभर अंतरावर पंजे जुळवून बसे. घर रिकामे राहिले की मात्र तो उदास होई, म्हणून त्याला सोबतीण आणण्याचा विचार चालला होता. घरातल्या आजी मूळच्या राजापूरकडच्या. नातवाने त्यांना देवळाची कथा मोठ्या उत्साहाने ऐकवली होती. त्या फणी घेऊन बोक्याची पाठ विंचरीत मला म्हणाल्या, “गेल्या जन्मी पुजारी होता म्हणतात हो. असेल बापडा. पण या जन्मी त्याची वेणीफणी माझ्या वाट्याला आली आहे, आणि ती चुकली की तो पुजाऱ्यासारखाच रुसतो.” बोक्याने डोळे मिटून मान वर केली आणि हनुवटीखालचे केस पुढे केले. या सौम्यपणामागे कोणा साधूचा आत्मा नसून शांत मांजरांचीच निवड करून पुढची वीण घेणाऱ्या संवर्धकांची कित्येक पिढ्यांची मेहनत आहे. परंतु आजींच्या फणीला या दोन उपपत्तींत काही फरक पडत नव्हता.

सयाममध्ये आजही जो विधी होतो त्यातली दृष्टी या आजींच्या जवळची आहे. नवा राजा अभिषेकानंतर प्रासादात राहावयास जातो, तेव्हा त्याच्यामागून राजघराण्यातील स्त्रिया मांजर, वाटण्याचा दगड, धान्याचे बी, कोहळा आणि किल्ली घेऊन आत जातात; 2019 साली राजे वजिरालोंगकोर्ण यांच्या वेळीही हे झाले. वास्तुशांतीला कोहळा बांधणाऱ्या आणि पाटावरवंटा आधी घरात नेणाऱ्या मराठी गृहिणीला यातील एकाही वस्तूचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. मांजर तेथे येते ते मांजर म्हणूनच. ज्या घरात मांजर वावरते तेथे संसार आहे, धान्य आहे, आणि धान्य राखण्याची काळजी आहे, म्हणून.

तर मग कथेची परीक्षा कशाने करावी? काशीची गंगा कावडीने रामेश्वराला नेत असता वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी एकनाथांनी ते पाणी घातले, ही गोष्ट आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. ती घडली की नाही हे मी सांगू शकत नाही. पण त्या गाढवाच्या पोटी कोणी ऋषी दडलेला होता, शाप सरताच तो हात जोडून उभा राहिला, असे ती सांगत नाही, आणि तिचे मोल त्यातच आहे. गाढवाची तहान एवढीच त्याची पात्रता. बाकी जे काही झाले ते नाथांना सोसावे लागले, कारण महिनोन्‌महिने खांद्यावर वाहिलेली कावड वाटेतच रिती झाली. ऐकणाऱ्याकडून ही कथा काहीतरी मागते. लाओ-त्सुनची कथा ऐकणाऱ्याकडून मांजराच्या किमतीव्यतिरिक्त काय मागते? तिच्या मोबदल्यात तुम्हाला ऐट मिळते, मेजवानीत सांगण्यास एक मजकूर मिळतो. ती खोटी आहे यापेक्षा ती फुकट आहे, ही मला तिच्यातली मोठी उणीव वाटते.

एका प्रसंगी मात्र तिने, किंवा तिच्यावर जीव टाकणाऱ्यांनी, किंमत मोजली. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये ही जात जवळजवळ नामशेष झाली. ऑर्लोफ नावाचा नर आणि झेनिया नावाची मादी, काआबा या एकाच निवासातली ही जोडी उरली असे सांगतात. माणसांना पाव शिधापत्रिकेवर मिळत होता अशा दिवसांत कोणीतरी या मांजरांना खाऊ घातले, आणि युद्ध संपल्यावर इतर जातींशी संकर करून, पुन्हा पांढरे मोजे उमटेपर्यंत अनेक पिढ्या चिकाटीने वीण घेऊन ही जात उभी केली. त्या माणसांना देवळाची कथा खरी वाटत होती काय? वाटत असेल तर त्या एका कारणासाठी मी तिला पुष्कळ माफ करतो.

परंतु दोन मांजरांपासून उभ्या राहिलेल्या वंशाला त्याची फेड करावीच लागते. ज्या जातींमध्ये जनुकीय वैविध्य अतिशय कमी आहे त्यांत आज बर्मनची गणना होते. आतड्यातील कोरोना विषाणूतून उद्भवणारा एक घातक आजार त्यांच्यात अधिक आढळतो. शुद्धतेच्या नावाखाली नात्यातल्या नात्यात वीण चालू ठेवावयाची आणि तिच्या समर्थनार्थ शंभर पवित्र मांजरांचा दाखला द्यावयाचा, हा व्यवहार मला धर्म म्हणून मान्य नाही आणि शास्त्र म्हणूनही नाही. फ्रेंच प्रथेप्रमाणे एका वर्षी जन्मलेल्या सर्व पिल्लांची नावे एकाच ठरावीक अक्षराने सुरू करतात; जगभरचे कित्येक बर्मनपालक ही प्रथा आजही कसोशीने पाळतात. नावाच्या आद्याक्षराविषयी असलेला हा काटेकोरपणा थोडासा रक्तसंबंधांच्या हिशेबाकडे वळला तर पुष्कळ पिल्ले दीर्घायुषी होतील.

हा लेख वाचून कोणा वाचकाला हे मांजर पाळण्याची इच्छा झालीच, तर माझी एक विनंती आहे. विक्रेता लाओ-त्सुनच्या देवळाची गोष्ट सांगू लागला की ती शेवटपर्यंत ऐकून घ्यावी, कारण गोष्ट चांगली आहे; मग पिल्लाच्या आईबापांच्या रक्ततपासणीचे कागद आणि पाच पिढ्यांची वंशावळ मागावी, आणि एकच नाव दोन्ही बाजूंना येत असेल तर खिशात हात न घालता उठावे.